बिल्ला क्रमांक ३७ खिळ्यावरून उतरवण्याबाबत

प्रति,
मा. अभिरक्षक साहेब,
नौका स्मृतिपदके व बिल्ले संग्रहालय,
मुंबई

अर्जदार : रामनाथ सावळाराम तरे, वय ६६, निवृत्त गोदी कामगार, मु. पो. अंजूर, ता. भिवंडी, जि. ठाणे

विषय : बिल्ला क्र. ३७ ताब्यात घेण्यापूर्वी अर्जदाराच्या घराची आतून तपासणी होण्याबाबत

संदर्भ : आपले दि. १२ एप्रिल २००६ चे पत्र

महोदय,

१. आपले पत्र पोचले. अर्जदार व त्याची पत्नी हौसा यांनी बावीस वर्षांत जमवलेली जहाजांची एकसष्ट स्मृतिपदके व बिल्ले आपल्या संग्रहालयाला द्यायचे ठरले आहे. कागदावर दोघांची सही आहे. हौसा दि. ९ डिसेंबर २००५ रोजी वारली. आपली गाडी २ मे रोजी येणार असे पत्रात आहे. साठ नग हौसाने स्वतः शिवलेल्या पिशव्यांत भरून ओटीवर ठेवलेले आहेत. उरलेला एक, यादीतील क्र. ३७, ओटीवर दाराशेजारी खिळ्याला लटकलेला आहे. अर्जदार त्याला हात लावू शकत नाही. आपल्या माणसानेही आल्या आल्या लावू नये, एवढ्यासाठी हा अर्ज आहे.

२. हा बिल्ला १९९१ साली दापोड्याच्या एका भंगार गोदामात मिळाला. गोदाम अर्जदाराचे मित्र गुलाम हुसेन यांचे. त्यांचे वडील खलाशी होते, म्हणून तुटलेल्या जहाजांचे पितळ भट्टीला पाठवण्याआधी ते अर्जदाराला बोलावत. बिल्ल्याच्या एका बाजूला सुकाणूचे चाक व जहाजाचे नाव आहे, दुसऱ्या बाजूला जहाज पाण्यात सोडल्याची तारीख. वर भोक आणि कडेवर ठोकलेला आकडा. आम्हाला वाटले, समारंभाला आलेल्या साहेब लोकांना दिलेले पदक असेल. तीन वर्षे पत्रे लिहिली, जुन्या माणसांना भेटलो. शेवटी अकलोलीच्या गरम पाण्याच्या कुंडावर गुडघे शेकायला आलेला नवशा नावाचा म्हातारा रिवेटवाला, म्हणजे जहाजाचे पत्रे ठोकून जोडणारा कामगार, भेटला. त्याच्याकडे तसेच पदक होते. कडेचा आकडा हा कामगाराचा हजेरी नंबर. म्हणजे ही पदके ज्यांनी जहाज बांधले त्यांना दिलेली होती, आणि भोक टांगण्यासाठीच ठेवलेले होते. हा शोध हौसाने वहीत लिहून ठेवला आहे.

३. आपल्याकडे बिल्ले काचेत असतात, म्हणून त्यांचे काम सांगतो. जहाजाच्या पोटात टाक्या असतात. रंगाला किंवा दुरुस्तीला माणूस एका झाकणातून आत उतरतो. उतरण्याआधी तो आपला बिल्ला झाकणाजवळच्या फळीवर टांगतो, वर आला की काढतो. फळीवर बिल्ला आहे म्हणजे माणूस आत आहे. फळी रिकामी झाली की झाकण लावतात. ज्याचा बिल्ला त्यानेच काढायचा, दुसऱ्याने काढायचा नाही.

४. १९७४ साली अर्जदार एका खाजगी गोदीत कामाला होता. टाकीत रंग लावायला त्याच्या जोडीला रघू होता. जेवणाची सुट्टी झाली. रघू पाठीमागून शिडीकडे येतोय असे अर्जदाराला दिसले. अर्जदार वर आला, स्वतःचा बिल्ला काढला आणि रघूची खेप वाचावी म्हणून त्याचाही काढला. रघू ब्रश विसरला म्हणून मागे फिरला होता, हे अर्जदाराला माहीत नव्हते. फळी रिकामी दिसल्यावर झाकण लागले. जेवण होईपर्यंत कोणी उघडले नाही. उघडले तेव्हा रघू आत गुदमरून गेलेला होता. बिल्ला कोणी काढला हे चौकशीत निघाले नाही. अर्जदाराने ते फक्त हौसाला सांगितले होते, आणि आज आपल्याला लिहून देत आहे.

५. त्यानंतर अर्जदाराला घरी आल्यावर कोण कुठे आहे ते बघितल्याशिवाय पाणी घशाखाली उतरत नसे. हौसाने त्यावर उपाय केला. ओटीवर दोन खिळे ठोकले, तीच आमची फळी. घरात असताना ज्याचा त्याचा बिल्ला खिळ्यावर, बाहेर जाताना कनवटीला. पुढे क्र. ३७ मिळाला तो तिने स्वतःसाठी मागून घेतला. म्हणाली, "तुमचं पदक कपाटात बसून काय करनार हाय? माझ्याकडं कामाला तरी लागल." बाजारात जाताना तो नेला नाही असे एकदाही झाले नाही. गुलाम हुसेन थट्टा करायचे, "भाभी, ह्ये घर हाय का गोदी?" त्यावर ती म्हणायची, "गोदीच हाय. तुमी बिन बिल्ल्याचं आत आलाव, आता च्या मिळनार न्हाय." आणि चहा द्यायची.

६. ९ डिसेंबरला सकाळी हौसा चुलीजवळ पडली. शुद्ध नव्हती. चौघांनी उचलून टेंपोत घातली. बिल्ला खिळ्यावर राहिला. दवाखान्यातून तिला परत आणली ती अंगणापर्यंतच, आणि तिथूनच खाडीवरच्या स्मशानात नेली. ती घरातून बाहेर पडली याची नोंद फळीवर नाही.

७. अर्जदार वेडा नाही. त्याने स्वतः अग्नी दिला आहे, दाखला सोबत जोडला आहे. पण फळी सांगते की माणूस आत आहे, आणि तसे असताना झाकण लावायचे नाही हे अर्जदाराला एकदा समजले आहे. म्हणून साडेचार महिने घराचे दार लागलेले नाही. अर्जदार ओटीवर राहतो, तिथेच स्टोव्हवर भात करतो. आतल्या खोलीत गेलेला नाही. गुलाम हुसेन म्हणाले, "रामनाथभाय, दार लाव, नाय तं कुत्री आत संसार मांडतील." मुलगी करिष्मा मार्चमध्ये आली होती. ती म्हणाली, "बाबा, तुम्ही अंगणात थांबा, मी काढते." तिने हात वर केला तेव्हा अर्जदाराने तिचे मनगट इतके जोरात धरले की बांगड्या फुटल्या. ती घाबरली. त्यापेक्षा अर्जदार जास्त घाबरला. ती त्यानंतर आलेली नाही.

८. आता २ मेला आपला माणूस येईल, यादी बघेल आणि क्र. ३७ पिशवीत टाकेल. फळी रिकामी होईल. मग शेजारीपाजारी दार लावून घेतील, आणि अर्जदाराला त्यांना अडवायला कारण राहणार नाही. 

९. गोदीत माणसाचा बिल्ला बेवारस राहिला तर एक रीत होती. ज्याचा त्या माणसाशी संबंध नाही असा एकजण बॅटरी घेऊन आत उतरायचा. सगळे कोपरे बघायचा. तीनदा नावाने हाक मारायचा. वर येऊन "आत कोणी नाही" असे लिहून सही करायचा. मगच साहेबांच्या हुकमाने बिल्ला उतरायचा. आपण या बिल्ल्यांचे साहेब आहात. आपल्या माणसाला तसा लेखी हुकूम द्यावा. त्याने आतली खोली, मोरी व माळा बघावा, हौसा अशी तीन वेळा हाक मारावी, थोडे थांबावे, मग बिल्ला घ्यावा. तोपर्यंत अर्जदार अंगणात उभा राहील.

१०. हे काम अर्जदाराने स्वतः का करू नये, असे आपण विचाराल. तो दोनदा उंबऱ्यापर्यंत गेला. हाक तोंडातून निघाली नाही. आतून ओ आली तर काय करायचे, याची भीती वाटली. आणि ओ आली नाही, तर त्याची त्याहून जास्त वाटली.

हुकमाची वाट पाहणारा, आपला नम्र,
(सही)
रामनाथ सावळाराम तरे

अंजूर, दि. २४ एप्रिल २००६

सोबत :
१. एकसष्ट नगांची यादी (हौसाच्या वहीची झेरॉक्स)
२. मृत्यूचा दाखला
३. बिल्ला क्र. ३७ चा फोटो, खिळ्यावर असतानाच काढलेला