कानशी काचेच्या कपाटात ठेवू नयेत

मी, देवराम पोपट नाखवा, वय छप्पन्न, धंदा हार्मोनियम दुरुस्त करणे व सुरात लावणे, राहणार कोपरी, ठाणे (पूर्व), हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, पूर्ण शुद्धीवर, सकाळचा चहा घेऊन लिहीत आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. प्रकृती ठीक आहे. साखर काठावर आहे, पण ती सात वर्षं तिथेच बसली आहे. वकील लावलेला नाही. पेट्यांचं काम कोणी न शिकवता शिकलो, तसं हेही जमेल. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही.

पत्नी चित्रा विचारते, एवढी घाई कसली? "अहो, मरायच्या आधी निदान गिरणीतनं दळण आणा." दळण आणून मगच बसलो आहे.

घाईचं कारण असं. आमच्या कोळी समाज मंडळाचे अध्यक्ष हरिहर तांडेल हा माझा लहानपणापासूनचा मित्र. गेल्या महिन्यात तो दुकानात येऊन म्हणाला, "देवराम, तुज्या मागं तुज्या कानशी आपण समाजमंदिरात ठेवू. काचेच्या कपाटात, वर दिवा. पोरांना कललं पायजे, आपला मानूस कुठवर गेला." हे ऐकताना मी जिवंत होतो आणि त्यातली एक कानस माझ्या हातात, पेटीतल्या पितळी पट्टीवर, चालू होती.

कलम १. कोपरीतील दोन खोल्यांचं घर आणि बँकेतील ठेवी चित्राच्या. यावर कोणी बोलू नये.

कलम २. पहिली पेटी, जी भजनी मंडळाची होती आणि उधाणाचं पाणी घरात शिरलं तेव्हा भिजली, ती विकू नये. चौदाव्या वर्षी मी ती खोलली. परत जोडली तेव्हा चार स्क्रू उरले, तरी वाजली. ते स्क्रू आत डबीत आहेत. ही पेटीही चित्राची. तिला वाजवता येत नाही, पण ती तिच्यावर इस्त्रीचे कपडे फार नीट ठेवते.

कलम ३. हे मालमत्तेचं नाही, पण नोंद राहावी. डोंबिवलीचे सुधीर आगाशे पेटी शिकवतात, माझं चोवीस वर्षांचं गिऱ्हाईक. सुरुवातीला त्यांच्या पॅरिस रीडच्या पेटीतला एक सूर, म्हणजे आवाज देणारी पितळी पट्टी, माझ्याकडून जास्त घासला गेला आणि तुटला. ते म्हणाले, "असं बारीक काम तुमच्या लोकांच्या हाताचं नव्हे." दोन वर्षांनी तीच पेटी मी अशी लावली की ते डोळे मिटून बसले. मग म्हणाले, "तुमच्या लोकांच्या रक्तातच सूर हो! खाडीकाठची माणसं!" दोन्ही वेळा हात माझेच होते. रक्ताचं म्हणाल तर माझे वडील इतके बेसूर गात की भजनात त्यांच्या हाती मोठ्या झांजा देत, आवाज झाकला जावा म्हणून.

डोंबिवलीत माझा सत्कार झाला तेव्हा हरिहरने कोपरीत फलक लावला : कोळीवाड्याने डोंबिवली जिंकली. मी फक्त एक शाल आणि नारळ घेऊन आलेलो.

याच कलमात कबूल करतो की मला कोळंबी सोसत नाही, अंगावर गांधी उठतात. समाजाचं नाव जाईल म्हणून एकवीस लग्नांत पोट बिघडल्याचं सांगितलं. पापलेट ताजं कसं ओळखायचं, हे आगाशे मला दर खेपेला विचारतात. मला ते कधीच आलेलं नाही. चित्राला विचारावं.

कलम ४. दुकान, अकरा कानशी, दोन भाते, सुटे सूर व सर्व हत्यारं माझी मुलगी दक्षता हिची.

इथे खुलासा करणं भाग आहे. दक्षताने नऊ वर्षं माझ्याबरोबर काम केलं. जानेवारीत डोंबिवलीच्या एका मैफलीत तिने लावलेल्या पेटीचा पंचम भर आलापात खरखरला. एका सुराचा स्क्रू ढिला राहिला होता. चूक तिचीच, मी पाठीशी घालत नाही. पण तिथे कोणी म्हणालं, मुलींचं हे कामच नव्हे. इथे कोणी म्हणालं, कोळीवाड्याची अब्रू गेली. एका स्क्रूवर एवढी माणसं उभी राहिली! त्या दिवसापासून तिने कानस हातात घेतली नाही. मला म्हणाली, "बाबा, मी चुकले तर एकटी चुकतच नाही. सगळ्यांना घेऊन चुकते. मला नको असलं काम."

म्हणून लिहितो की हत्यारं बिनशर्त तिची. तिने वापरावीत, विकावीत, नाहीतर कपाटात टाकून कल्याणला नोकरी करावी. माझं नाव, मंडळाचं नाव, पोरींचं नाव राखण्याची जबाबदारी या हत्यारांबरोबर जात नाही. तिला चुकायची मोकळीक आहे, मी घेतली तेवढीच. काचेच्या कपाटाला माझी हरकत आहे. मंडळाने त्यात वडिलांच्या झांजा ठेवाव्यात.

कलम ५. साक्षीदारांना या मृत्युपत्रातून काहीही मिळत नाही, हे कायद्याने बरोबर आहे. चहा मिळेल.

कलम ६. हे सहीच्या आधी जोडत आहे. आज साक्षीसाठी हरिहर आणि सुधीरराव दोघे आले. सुधीररावांनी पेटी बरोबर आणली, मीच दोन महिन्यांपूर्वी लावलेली. म्हणाले, सगळं छान आहे, सहज आणली, आणि वाजवायला बसले. दक्षता चहा घेऊन आली ती ट्रेसकट दारातच थांबली.

"बाबा, मधला कोमल निषाद चढलाय."

"शक्य नाही," मी म्हणालो.

"ऐका ना नीट."

मी तीनदा ऐकलं. केसभर चढला होता. टोकाला घासला की सूर चढतो, आणि मी जास्त घासला होता. तिने ट्रे हरिहरच्या हातात दिला, खणातून बारीक कानस काढली, सूर काढून, उतरावा म्हणून मुळाशी दोनदा घासला, बसवला, स्क्रू पिळून पाहिला. परत एकदा पाहिला. निषाद जागेवर आला.

सुधीरराव म्हणाले, "मुलींचा कान उपजतच तीक्ष्ण असतो!" हरिहर ट्रे धरून म्हणाला, "आपल्या कोळीवाड्याची पोर हाय ती!"

दक्षता हसायलाच लागली. "काका, दोघंही गप्प बसा. माझा कान आहे. चहा सांडतोय."

सबब नोंद करतो की कोमल निषाद बिघडवणारा मी, देवराम पोपट नाखवा, एकटा. कोळीवाडा, खाडी किंवा पुरुषवर्ग यांचा त्यात काही संबंध नाही. तो दुरुस्त करणारी दक्षता, तीही एकटी. असा आनंद मला कोणत्याही शालीने दिलेला नाही. सुधीररावांची दुसरी पेटी तिने उद्या आणायला सांगितली आहे.

सही : देवराम पोपट नाखवा

देवराम यांनी आमच्या डोळ्यांदेखत, हसत, सही केली. आम्ही त्यांच्यासमोर केली.

साक्षीदार :
१. हरिहर तांडेल, कोपरी (फक्त स्वतःच्या वतीने)
२. सुधीर आगाशे, डोंबिवली पूर्व (मीही तसेच)

स्थळ : ठाणे
दिनांक : १५ जून २०२५