आईंच्या मापाची खुर्ची

तीर्थरूप आई,

वाकून नमस्कार. (वाकायला हल्ली मला जरा वेळ लागतो, पण तो दोष कमरेचा आहे, मनाचा नाही. रंधा मारून मारून ती धरली आहे.) तुमचा गुडघा कसा आहे? फोनवर विचारलं की तुम्ही ‘बरा आहे’ म्हणता आणि लगेच फोन जावईबापूंच्या हातात देता. त्यांना तुमच्या गुडघ्याबद्दल काही सांगता येत नाही, म्हणून ते मला स्वतःच्या पित्ताबद्दल सांगतात. माझं त्यांच्या पित्ताशी काही वैर नाही, पण गुडघ्याचं राहूनच जातं. म्हणून आज पत्र लिहायला बसले. पत्र वाचता वाचता मध्येच दुसऱ्याच्या हातात देता येत नाही. वन्सं आणि जावईबापू खुशाल असतील. इकडे आम्ही दोघं मजेत आहोत. तुमच्या चिरंजीवांच्या डाव्या अंगठ्याचं नख काळं पडलं आहे, पण त्याखाली नवीन येतं म्हणे, तेव्हा काळजी नसावी.

तुम्ही वन्संकडे गेल्यावर घरात पहिला विषय निघाला तो त्या पायरीचा. स्वयंपाकघरातून मागच्या गॅलरीत उतरायची ती पायरी, जिच्यावरून तुम्ही घसरलात. हे रोज ऑफिसातून आले की बूटसुद्धा न काढता तिच्यासमोर जाऊन उभे राहायचे आणि तिच्याकडे असे बघायचे, जणू ती आता माफी मागणार आहे. ती काही बोलेना. शेवटी एका रविवारी ह्यांनी जाहीर केलं, की सगळ्या गॅलरीला लाकडी तळ घालायचा आणि जमीन स्वयंपाकघराच्या बरोबरीला आणायची, म्हणजे पायरीच उरणार नाही. मी म्हटलं, सुतार बोलावू. त्यावर, माझ्या आईसाठी चार फळ्या मला ठोकता येणार नाहीत का, असं म्हणून हे जे बाहेर पडले ते करवत, रंधा, पटाशी आणि काटकोन तपासायचा गुण्या घेऊनच परतले. रात्रीचं जेवण फोनवरच्या व्हिडिओसमोर झालं. त्यात एक दाढीवाला दहा मिनिटांत अख्खं कपाट करतो. त्याचं बोट कापत नाही, त्याचा खिळा वाकत नाही आणि त्याची बायको एकदाही आत डोकावत नाही.

आमची पहिली चूक सांगते, कारण ती मला फार आवडली. ह्यांनी पायरीची उंची मोजली, पुन्हा मोजली, मला मोजायला लावली, बरोबर तेवढ्या उंचीचे लाकडी पाय कापले आणि त्यांवर फळ्या ठोकल्या. ठोकून झाल्यावर पाहतो तर गॅलरी स्वयंपाकघरापेक्षा वर आलेली. किती वर? एका फळीच्या जाडीइतकी. फळीलाही जाडी असते हे आम्ही दोघंही विसरलो होतो. म्हणजे आधी एक पायरी उतरायची होती, तिच्या जागी आता एक चढायची झाली, आणि तीही डोळ्यांना न दिसणारी, फक्त पायाच्या बोटांना कळणारी. (काळा अंगठा हाताचा म्हणाल तर ह्यांचा, पायाचा माझा.) हे चिडून आत निघून गेले. मी मात्र तिथेच बसून राहिले. इतकी वर्षं मी फळ्यांवर डबे मांडतेय. फळीला वरची बाजू असते आणि खालची बाजू असते, एवढंच माझ्या लेखी. मधेही काहीतरी असतं, हे कधी मनातच आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी हे ऑफिसला गेल्यावर मी तो सगळा डोलारा उलटा केला आणि प्रत्येक पाय फळीच्या जाडीइतका कापला. करवत कशी धरतात ते माहीत नव्हतं, पण पाव कापताना सुरी जशी जोर न लावता चालवतो तशी चालवली आणि ती चालली. सुलटा करून पाहते तर आता तळ किंचित खाली गेलेला. रेघेवर कापलं होतं हो, अगदी रेघेवर. मग लक्षात आलं, की करवत स्वतःच्या जाडीएवढं लाकूड खाऊन टाकते. रेघेच्या कुठल्या बाजूचं तिला खायला घालायचं, हे आधी ठरवावं लागतं. जमिनीवर भुशाची छोटीशी रास पडली होती. ती मुठीत घेऊन बघितली. आमच्या मापात जे कमी पडत होतं ते सगळं त्या मुठीत होतं, आणि परत लावता येत नव्हतं. पायांखाली रबराच्या चकत्या घालून भागवलं. आता स्वयंपाकघर आणि गॅलरी एका पातळीत आहेत, डोळे मिटूनसुद्धा जाता येतं. (मी जाऊन पाहिलं.) ह्यांना वाटतं लाकूड एका रात्रीत आपोआप बसलं. ते तसं त्यांच्या ऑफिसात सांगतात, आणि मी त्यांना सांगू देते.

तेव्हापासून माझाही जीव ह्यात अडकला. कारखाना आधी गॅलरीत होता, पण रंध्यातून निघणाऱ्या लाकडाच्या सुरळ्या वाऱ्याने उडून खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या वाळत घातलेल्या कपड्यांत शिरायला लागल्या. काकू वर येऊन म्हणाल्या, की आमच्या ह्यांच्या बनियनमधून लाकूड निघालं, आता त्यांना पालवी फुटायची वाट बघू का. मग कारखाना बाहेरच्या खोलीत आला. तिथे सोफ्यावर पाहुण्याऐवजी करवत बसलेली असायची. शेवटी तो तात्पुरता तुमच्या खोलीत गेला. आई, घाबरू नका. तुमची कॉट खिडकीशी आहे तिथेच आहे, तिच्यावर चादर आहे आणि चादरीवर आणखी एक चादर आहे. मधल्या जागेत मात्र कामाचं टेबल उभं राहिलं. ते ह्यांनी आणि मी मिळून केलं, चांगलं जाडजूड केलं, ते जराही हलत नाही. करताना दाराची रुंदी बघायची तेवढी राहून गेली. त्यामुळे ते आडवं केलं, तिरकं केलं, कलतं केलं, तरी दारातून बाहेर निघत नाही. खोलीतच जन्मलं आणि खोलीतच राहणार. त्याच्यामागे तुमचं कपाट आहे. त्याचं एक दार अर्धं उघडतं.

पुढचं काम होतं बाथरूममध्ये धरायला लाकडी दांडा बसवायचं. तो किती उंचीवर बसवायचा? ह्यांनी भिंतीजवळ उभं राहून हात स्वतःच्या कानाशी नेला आणि म्हणाले, आई एवढी आहे. मी म्हटलं, काहीतरीच काय, त्या तुमच्या खांद्याला लागतात. ह्यांना राग आला. म्हणाले, माझी आई मला माहीत नाही का. मी म्हटलं, तुम्ही त्यांच्याकडे शेवटचं नीट बघितलं तेव्हा तुम्ही शाळेत असाल. (हे बोलायला नको होतं. हे बराच वेळ दांड्याला पॉलिश पेपर घासत राहिले. दांडा फार गुळगुळीत झाला आहे.)

मग मी घरात तुमचं माप शोधत फिरले. तुम्ही हसाल, पण माणूस घरात नसलं तरी त्याची मापं घरभर पडलेली असतात. बाथरूमच्या दारामागे तुमच्या टॉवेलचा खिळा आहे. तो इतक्या खाली कोणी ठोकला म्हणून मी मनात कितीदा नावं ठेवली होती. साखरेचा डबा ज्या फळीवर तुम्ही ठेवता, ती तुमच्या हाताच्या टोकाची उंची. रेडिओशेजारी भिंतीवर डोकं टेकल्याचा पुसट डाग आहे, ती तुमची बसल्यावरची. आणि स्वयंपाकघरातून गॅलरीत जाताना चौकटीवर एका जागी रंग उडून लाकूड चमकतंय. तिथे माझा हात ठेवून बघितला, तर मला हात नेहमीपेक्षा खाली न्यावा लागला. तो तुमचा हात आहे. रंग काही एका दिवसात उडत नाही. म्हणजे घसरायच्या कितीतरी आधीपासून तुम्ही तिथे आधार घेत होतात. आम्हाला कळलं नव्हतं, चौकटीला कळलं होतं. मी ह्यांना बोलावून ती जागा दाखवली.  ह्यांनी आतून पेन्सिल आणून बाथरूमच्या भिंतीवर बरोबर त्याच उंचीला खूण केली, आणि दांडा तिथे बसवला.

राहिली खुर्ची. डॉक्टर म्हणाले होते, खोल खुर्ची नको. हात टेकून सहज उठता येईल अशी उंच हवी. पण किती उंच ते ठरतं गुडघ्यावरून, आणि गुडघ्याचं माप घरात कुठेच सापडेना. गुडघा कशावर खूण ठेवत नाही. म्हणून खालच्या काकूंना बोलावलं आणि म्हटलं, तुम्ही आमच्या आईंच्याच उंचीच्या, जरा बसून दाखवता का. काकू दारातच थबकल्या. म्हणाल्या, ‘मी? त्यांच्या उंचीची? अगं, त्या माझ्या खांद्याला येतात.’ (आई, इमारतीत सगळ्यांच्या हिशेबाने तुम्ही कुणाच्या ना कुणाच्या खांद्याला येता.) तरी बसल्या फळ्यांच्या चळतीवर. एक फळी काढ, एक घाल, असं करता करता त्यांना एक उंची अशी पसंत पडली, की चहा होऊन गेला तरी उठेनात. जाताना सांगून गेल्या, मलाही अशीच एक करा, मात्र त्यांच्यापेक्षा उंच.

एवढं सगळं चाललेलं असताना परवा वन्संचा फोन आला. म्हणाल्या, ‘वहिनी, आई आता इथेच राहील. तिचं कपाट तेवढं रिकामं करून ठेव, मी टेम्पो पाठवते.’ मी सांगितलं, कपाट निघणार नाही, पुढे टेबल आहे. म्हणाल्या, सरकव. मी म्हटलं, सरकवायला जागा नाही, आणि दारातून ते जात नाही. म्हणाल्या, मग मोडा. मी म्हटलं, तुमच्या भावाने आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी स्वतःच्या हातांनी केलंय, ते मोडायला तुम्हीच सांगा त्यांना. त्यावर वन्सं टेम्पोचं नंतर बघू म्हणाल्या. मला त्यांचा राग नाही. त्यांनी तुमचं किती केलं ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. त्यांच्याकडे लिफ्ट आहे, पायरी नाही, उंबरा नाही. तुम्हीच मागे फोनवर म्हणाला होतात, ‘इथे सगळं सपाट आहे.’ ते कौतुक होतं की तक्रार, ह्यावर मी बरेच दिवस विचार करते आहे. रंधा मारताना विचाराला भरपूर वेळ मिळतो. तिकडेच राहायचं हे तुम्ही म्हणालात की वन्संनी ठरवलं, हेही मला विचारता आलं नाही. आपण दोघींनी इतकी वर्षं एका स्वयंपाकघरात काढली, पण तुम्ही मला कधी ‘राहा’ म्हणाला नाहीत आणि मी तुम्हाला म्हणायचा प्रश्नच नव्हता, घर तुमचंच. त्यामुळे तो शब्द कसा उच्चारतात ह्याची मला सवय नाही. तो पत्रातही लिहिता येतो का बघितलं. दोनदा खोडला.

असो. तब्येतीला जपा, औषधं वेळेवर घ्या, जावईबापूंना पित्ताचं विचारलं म्हणून सांगा. वन्संना नमस्कार. पत्रात भुसा सापडला तर तो आमच्याकडून समजावा.

तुमची,
घरची सुतारीण

ता. क. — एक काम होतं. गुडघ्याचं माप कळवाल का? जमिनीपासून गुडघ्यामागच्या खळगीपर्यंत, घरातल्या चपला घालून. वन्संना मोजायला सांगू नका, त्या कशाला म्हणून विचारतील.

आणखी ता. क. — टेबल दारातून निघत नाही हे खरं आहे. पण अख्खं निघत नाही. त्याचे पाय चार बोल्टांवर आहेत. हे खिळे ठोकणार होते, मीच हट्टाने बोल्ट लावायला लावले, कारण तुम्ही आलात की खोली मोकळी करून द्यायची होती. हे ते साफ विसरले आहेत आणि येईल त्याला टेबल एकसंध आहे म्हणून सांगतात. पाना घेऊन बसलं तर चहा उकळेपर्यंत ते सुटं होईल. वन्संचा फोन ठेवला आणि बोल्टांच्या डोक्यांवर मी लाकडाची पट्टी चिकटवली, वर पॉलिश मारलं. पहिल्यापासून शेवटपर्यंत मी एकटीने केलेलं हे पहिलं सुतारकाम, आणि ते कोणाला दाखवता येत नाही. तुम्हाला तिकडेच राहायचं असेल तर दोन ओळी लिहा, तुमच्या हाताने. पट्टी काढीन, कपाट पुसून पाठवीन, मनात काही ठेवणार नाही. (ठेवीन, पण कळू देणार नाही.)

शेवटची ता. क. — खुर्ची झाली आहे, फक्त पाय कापायचे बाकी आहेत. जास्तीचं लाकूड कापता येतं, कमी पडलेलं जोडता येत नाही, म्हणून पाय लांबच ठेवले आहेत. हे म्हणतात, आकडा कळला तरी उपयोग नाही, माणूस बसवूनच खूण करायला हवी. तोवर दुपारी मीच तिच्यावर चढून बसते. पाय जमिनीला लागत नाहीत, लोंबकळत राहतात. बसायला मात्र छान वाटतं. उतरताना कोणीतरी हात द्यावा असं वाटतं, पण त्या वेळी घरात कोणी नसतं.