‘जंप’खालचं वाक्य

३ फेब्रुवारी, मंगळवार
इंग्रजी-मराठी कोशाच्या कामात आजपासून माझ्याकडे ‘जंप’. कोशातले बाकीचे इंग्रजी शब्द निमूट बसतात, हा नुसता थयथयाट करतो. माणसाने उडी मारली, मांजराने झेप घेतली, इथवर ठीक. पण दार आपटलं म्हणून दचकलो तरी जंपच. भाव एकदम चढले तरी जंप, रांगेत मध्येच घुसलं तरी जंप. आपल्याकडे प्रत्येकाला वेगळा शब्द! संपादक म्हणाले, "अर्थ कुणीही लिहील हो. वाक्य आणा. माणसाच्या तोंडचं."

त्यांचा हट्टच आहे — उदाहरण घरी बसून रचायचं नाही, ऐकलेलं हवं. आणि शनिवारी सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायचं. कानाला खटकलं की बाद. मी नकला करत वाचते, म्हणून माझी पाळी मुद्दाम शेवटी ठेवतात. जरा मिरवतेच मी त्याचं.

५ फेब्रुवारी, गुरुवार
वन्संना घड्याळवाल्यांनी लग्नाचं विचारलं! वन्सं म्हणजे ह्यांची थोरली बहीण, आमच्याकडेच असतात, चष्म्याच्या दुकानात कामाला जातात. त्यांच्या लग्नाचा विषय घरात कधीच बंद झाला होता. घड्याळवाल्यांचं दुकान वन्संच्या दुकानासमोरच. त्यांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली.

भाजी निवडताना वन्संनी मला एकटीला सांगितलं. कान लाल झाले होते. "वहिनी, त्यांचं वाक्य पुरं पण झालं नव्हतं गं, मी आपली हो म्हणून मोकळी. किती वेंधळी मी!" पोट धरून हसलो दोघी. मग म्हणाल्या, "हे असं झालं ते कुणाला सांगू नकोस हं."

मी म्हटलं, "माझ्या तोंडाला कुलूप."

६ फेब्रुवारी, शुक्रवार
‘चालून आलेली संधी झटकन पकडणे’ — या अर्थाला दिवसभर वाक्य मिळेना. संध्याकाळी मिळालं.

७ फेब्रुवारी, शनिवार
आज लिहवत नाही.

८ फेब्रुवारी, रविवार
लिहितेच. दुसऱ्या कुणाला सांगणार?

काल माझी पाळी आली. दचकणं झालं, भाव झाले, रांग झाली. हशा चढत होता. मग मी मान खाली घातली आणि वन्संच्या त्या बारीक आवाजात वाचलं, "त्यांचं वाक्य पुरं पण झालं नव्हतं गं, मी आपली हो म्हणून मोकळी." टायपिस्ट टेबल बडवून हसली. कुणीतरी म्हणालं, "बाई टपूनच बसली होती वाटतं." आणि मी, त्या हशाला चटावलेली, त्याच आवाजात वर जोडलं — "या वयात दुसरं कोण विचारणार!"

हे वन्सं कधीच म्हणाल्या नव्हत्या. ते माझं होतं.

सगळे दाराकडे बघायला लागले. वन्सं उभ्या होत्या. माझा चष्मा दुरुस्त करून आणला होता. टेबलावर ठेवला, संपादकांना नमस्कार केला आणि गेल्या. संपादक म्हणाले, "वाक्य पास." मी ते मागे घेतलं. आता घेऊन काय उपयोग? मेल्याहून मेल्यासारखं झालंय.

१० फेब्रुवारी, मंगळवार
धीर करून म्हटलं, "वन्सं, चुकले मी."

"अगं, त्यात काय एवढं. हुबेहूब केलास हं आवाज." आणि मला चहा ओतून दिला. त्यापेक्षा एक थोबाडीत दिली असती तर बरं झालं असतं.

ह्यांना सगळं सांगितलं. ऐकून घेतलं आणि भरल्या ताटावरून उठले.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार
वन्सं हल्ली मागच्या गल्लीने घरी येतात. घड्याळवाल्यांना सांगितलंय म्हणे, विचार करायला वेळ हवा.

पट्टा बदलायच्या निमित्ताने मी त्यांच्या दुकानात गेले. विषय त्यांनीच काढला. "माझं काही चुकलं का, वहिनी? किती दिवस जुळवाजुळव करत होतो मी. आरशासमोर उभा राहून म्हणून बघायचो. त्या मध्येच हो म्हणाल्या तेव्हा जीव भांड्यात पडला माझा. पुढचं सगळं विसरलो होतो हो."

हे वन्संना आजच्या आज सांगायला हवं.

१४ फेब्रुवारी, शनिवार
नाही सांगितलं. कुठल्या तोंडाने सांगू? एकाचं बोलणं दुसऱ्याला नेऊन ऐकवायचं — पुन्हा तेच. ह्यांनीही बजावलं, "आता तू मध्ये पडू नकोस." खरं लिहायचं तर बरंच वाटलं मला. गप्प बसायला निमित्त मिळालं. लाज वाटते हे लिहिताना.

आजच्या वाचनाला गेले नाही. डोकं दुखतंय असं कळवलं.

१७ फेब्रुवारी, मंगळवार
वन्संनी घड्याळवाल्यांना नकार दिला. जवळ बसून, माझा हात हातात घेऊन सांगितलं. "तू होतीस म्हणून वेळीच शहाणी झाले, वहिनी. नाहीतर चारचौघांत हसं झालं असतं माझं." मनापासून आभार मानत होत्या माझे.