पुडीवरचं गाव

३ जुलै
अकोल्याहून दर्यापूर, तिथून जीपमध्ये तिघांच्या सीटवर पाचवी होऊन या गावात पोचले. दवाखान्यावर पाटीसुद्धा लागलीय: डॉ. जुईली, हार्मोनविकार. राहायला दुर्गाबाईंकडे खोली मिळाली. बाई बोलक्या, भाकरी पातळ, ठेचा जहाल. मजा येणार!

१९ जुलै
सगळे पेशंट एकाच आईची लेकरं वाटतात. गोल, लालसर, तुकतुकीत चेहरे आणि हातपाय काडीसारखे. आज कारण कळलं. भगवंतराव म्हणून एक सज्जन अंगदुखीवर पांढरी पुडी फुकट वाटतात. तपासून घेतली, तर स्टेरॉइड! ते रोज पोटात गेलं की शरीर स्वतःचं हार्मोन बनवणंच सोडून देतं.

२४ ऑगस्ट
मार्गदर्शक सूचना स्पष्ट आहेत. पुडी एकदम तोडायची नाही, नाहीतर बीपी कोसळून जीवही जातो. मोजलेल्या गोळ्यांवर आणून हळूहळू कमी करायची. पण इथे पालथ्या घड्यावर पाणी! माना डोलावतात, गोळ्या नेतात आणि पुडीही खातात. बोलून बोलून माझा घसा बसला. हल्ली माझंही तोंड सुजल्यासारखं दिसतंय. दुर्गाबाईंच्या तुपाची कृपा.

२१ सप्टेंबर
उद्या घट बसणार. नवरात्रात इथे कुणी औषधाला शिवत नाही. गेल्या वर्षी त्यात दोघी गेल्या, तर म्हणे देवीनं नेलं. जी पुडी सुटावी म्हणून भांडले, तीच चालू ठेवा म्हणून आज भगवंतरावांच्या पाया पडले. ते शांतपणे म्हणाले, "उपासात औषध खाऊन लोकायनं काहून पाप घ्यावं?" डोकं भिंतीवर आपटावंसं वाटलं.

२४ सप्टेंबर
तिघं आले. ओकाऱ्या, घेरी, बीपी लागत नाही. इंजेक्शन देऊन दर्यापूरला पाठवले. शेवटच्या कुप्या संपल्या, गोळ्या तर आधीच वाटून झाल्या. नव्या उद्या अमरावतीहून येतील. माझंही पोट ढवळतंय. मी तर उपासही धरलेला नाही.

२५, सकाळ
सारख्या उलट्या. उभं राहवत नाही. दुर्गाबाई रडत कबूल झाल्या, "तुयी दगदग पाहून मीच चहात पुडी टाकत होती, पोरी. घट बसले अन् बंद केली."
पहिल्या दिवसापासून! मी घाबरलेय. खूप.

दुपार
कुप्या आल्या नाहीत — ॲम्ब्युलन्स दुसऱ्या गावी — शेवटी पुडीच मागितली. मी. हात जोडून. बाई म्हणतात, घट उठू दे —

बायका ओटी घेऊन आल्यात. सगळ्यांचे तेच गोल चेहरे. देवीनं बोलावलं म्हणे मला, भाग्याची म्हणे — कपाळाला कुंकू लावतायत —
अहो देवी नाही, पुडी — पुडी द्या हो, पु