कड्याखालची चूल

गुरुजी, गेल्या महिन्यात मी धारूरच्या डोंगरात तुमची ती जागा शोधून काढली आणि बरोब्बर तिथंच चूल मांडली. मुद्दाम. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं स्वतःला निष्पाप दाखवायचा मोह मला होणार आहे. हे अक्षर बघून तुम्ही वही खिडकीबाहेर भिरकावली असती.

लेक पुण्याहून आली होती. येताना तिनं भांड्यांचा एक संच आणला होता, डोंगरात मुक्कामाला जाणारे नेतात तसला. एका पातेल्यात दुसरं, दुसऱ्यात तिसरं, दुमडणाऱ्या मुठी, झाकणाचाच तवा, सगळं एका पिशवीत. ती कौतुकानं एकेक काढून दाखवत होती आणि मला तुमची झोळी दिसत होती. तुम्ही कुणाच्या हातचं खात नव्हता, म्हणून सहलीला निघालात तरी पितळेची तीन पातेली एकात एक घालून, वर उपरण्याची गाठ मारून, स्वतःच वाहून न्यायचात. दुकानदारानं तिला ही नवी सोय म्हणून विकली होती. शिक्षक असून गप्प बसणं किती अवघड असतं ते तुम्हाला ठाऊक आहे.

ती सहल मी नववीत असतानाची. मी वडवणीकडच्या शेतकऱ्याचं पोरगं, घरात संस्कृत शिकणारा पहिलाच, आणि शब्दरूपं पाठ आली म्हणून जग आपलं झालं असं समजणारा. आम्ही पोरं झाडाखाली भाकरी सोडून बसलोय. तुम्ही एकटे लांब, कड्याच्या पोटाखाली तीन दगडांवर भात ठेवलाय. लाकडं ओली निघालीत, धूर कोंडतोय, तुम्ही डोळे पुसताय. मला राहवत नाही. ते धुमसणारं लाकूड विझवावं म्हणून मी ओढ्यावरून तांब्या भरून आणतो, चुलीपासून दोन हातांवर पोचतो, आणि तुम्ही माझ्याकडं न बघता, दबक्या आवाजात म्हणता, "पाणी नको. मागं हो."

मी तिथंच खिळलो. तुम्ही उठलात, अर्धाकच्चा भात मातीत ओतलात, पातेलं निखाऱ्यांवर पालथं घालून कडेनं माती लोटलीत आणि आमच्याकडं येऊन म्हणालात, "चला. कुणी बोलायचं नाही." उतारावर शेजारचा माझ्या कानाशी लागला. "तू शिवला बे. म्हातारा उपाशी चाललाय तुज्यामुळं." मागचा म्हणाला, "पातेलं बी तिथंच टाकलं. लई बाटलं आसंल." आणि दोघं तोंडावर हात ठेवून हसले. तुम्ही ऐकलंत की नाही, मला माहीत नाही. तुमची पाठ तेवढी दिसत होती.

त्यानंतरही तुमच्या वर्गात बसलो, तुम्ही शिकवलेल्यावरच पुढं पोट भरलं. पण तुमच्या घरची पायरी चढलो नाही. तुम्ही अंथरुणाला खिळलात तेव्हा दोनदा निरोप आला. मी पेपर तपासत होतो. दोन्ही वेळा. मग तुम्ही गेलात.

तर या वेळी लेकीला ती जागा दाखवायची होती. इथं तुझ्या बापाच्या पाण्याचा विटाळ झाला होता, असं सांगून तिथंच पिठलं करून खायचं, एवढाच बेत. जागा लगेच सापडली. अपमानाची वाट माणूस विसरत नाही. भर दुपार होती. मी दगड लावले, काटक्या रचल्या, काही ओल्या होत्या तरी रेटल्या आणि फुंकर मारत बसलो. पिठल्याला कढ येत होता. धूर कड्याला चिकटून सरळ वर चालला होता. लेक कांदा फोडता फोडता थांबली.

"पप्पा, वर काय हाय ते? खडक हलतोय."

मी वर बघितलं. कड्याच्या पोटाला दाराच्या फळीएवढं काळं काहीतरी लटकत होतं आणि त्याच्यावरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चकाकती लाट जात होती. थांबून पुन्हा एक. आग्या मोहोळ. खाली माझा धूर.

तुम्हाला हे माहीत असायचं कारण नाही, पण लेक सहा वर्षांची असताना तिला एक गांधीलमाशी चावली होती. एकच. चेहरा सुजला, घसा बंद व्हायला लागला, अंबाजोगाईला दवाखान्यात पोचेपर्यंत ओठ निळे पडले होते. पुन्हा असं झालं तर वेळ हातात नसेल, असं डॉक्टरनं बजावलं होतं. त्या दुपारी फोनला रेंज नव्हती आणि गाडी अर्ध्या तासाच्या उतारावर होती. ती मात्र पाण्याची बाटली घेऊन चुलीकडं वळली. "विझवू का पटकन?"

मी तिच्याकडं न बघता, दबक्या आवाजात म्हणालो, "पाणी नको. मागं हो."

ओल्या लाकडावर पाणी पडलं असतं तर धुराचा लोट एकदम उठून थेट वर गेला असता. शेतकऱ्याच्या पोराला हे कळायला अडतीस वर्षं लागली.

"चिडता कावून?" ती म्हणाली. मी म्हणालो, "चिडत न्हाई. ओढणी तोंडावरून घे, हळू चालत ओढ्यापर्यंत जा. पळायचं न्हाई. बोलायचं न्हाई." ती गेली. माझे पाय तिच्यामागं पळायला बघत होते आणि डोक्यात, विश्वास ठेवा, ज्याचं भय वाटतं त्याची पंचमी विभक्ती, एवढंच घुमत होतं. तुमच्या घोकंपट्टीचा असाही उपयोग. पिठलं मातीत ओतलं. मोठं पातेलं निखाऱ्यांवर पालथं घातलं. कडेनं माती लोटायला लागलो, तर एका फटीतून धुराचा दोरा निघायचा, ती बुजवली की दुसरीकडून. वरचा आवाज जाड होत चालला होता. एक माशी मनगटावर येऊन बसली. मी श्वास धरला. मला मरणाचं भय वाटलं म्हणालो तर खोटं होईल. ही माशी उठून ओढ्याकडं जाईल, याचं वाटलं. ती दोन बोटं चालली आणि वर गेली. मग दोरा थांबला. मी उभा राहिलो तेव्हा धोतर असतं तर सुटलं असतं.

लेक ओढ्याकाठी तोंड झाकून बसली होती. ओढणी वर करून मी तिचे ओठ बघितले, मान बघितली, पुन्हा ओठ बघितले. काही नव्हतं.

म्हणजे तेव्हा तुम्हीही वर बघितलं होतं. तुम्ही नुसतं 'मोहोळ' असं म्हणाला असतात तर आमच्यातल्या एकानं दगड मारलाच असता, कोण ते आपल्या दोघांनाही माहीत आहे. म्हणून गप्प राहिलात, हे समजलं. पण खाली उतरल्यावर? पुढची दोन वर्षं? वीतभर लांबीचे समास सोडवून द्यायचात, हे एक वाक्य सोडवलं नाहीत. कदाचित पोरगं काय समजून बसलंय हे तुमच्या ध्यानातच आलं नसेल. आणि सोवळं तुम्ही पाळतच होता, तेव्हा पोरगं अगदीच मूर्ख नव्हतं, एवढं मला म्हणू द्या. निरोप आले होते तेव्हा पेपर थांबले असते, हेही.

हे कुठं पाठवायचं नाही, म्हणून शेवटचं लिहून ठेवतो. परतताना गाडीत तिनं विचारलं, "पप्पा, पातेलं पालथं घालायचं तुमाला कुणी शिकवलं?" मी म्हणालो, "सुचलं." आता ती पुण्यात मैत्रिणींना सांगत असते की आमच्या पप्पांना लई डोकं. रोज रात्री तिचा फोन येतो. मी अजून दुरुस्त केलेलं नाही.