अवसेची हाजिरी

उस्ताद, आता लातुरात माझं स्वतःचं दुकान आहे, जळालेल्या मोटारींत नवी तार भरायचं, आणि तुमची अमावस्येची रीत मी तिथं चालू ठेवली आहे. मी तुमच्या हाताखाली होतो तेव्हा नांदेडात अवसेला नवीन काम कुणी धरत नसे. बाकीची दुकानं कुलूप लावायची, कारागिरांचा त्या दिवसाचा रोजगार बुडायचा. तुम्ही मात्र सकाळीच सगळ्यांची हाजिरी लावून म्हणायचात, "गिऱ्हाइकाचं काम आज बंद. लोकांचं काहीतरी करून या. काय केलं ते मला सांगू नका." कुणी शाळेची मोटार बघायचा, कुणी दर्ग्यातले पंखे. मी एकदा विचारलं, एखादा घरी जाऊन झोपला तर? तार गुंडाळता गुंडाळता तुम्ही म्हणालात, "झोपंल एकदा. पुढच्या अवसेला त्यालाच झोप येणार न्हाई."

मला ते ढिलं वाटायचं. मी हे काम कुठल्या शाळेत शिकलो नाही, जळक्या मोटारी उकलून शिकलो. अंदाजपंचे काही खपत नाही मला. म्हणून माझ्या दुकानात कुणी कुठं जायचं ते मी ठरवतो, आणि केलेल्या कामाचा मोबाइलवर फोटो दाखवावा लागतो. मागच्या अवसेच्या दुसऱ्या दिवशी तार भरणाऱ्या मुखेडच्या बाईंकडे फोटोच नव्हता.

"सरकारी दवाखान्यात गेल्ते," त्या म्हणाल्या. "ज्याला कुणी भेटाय येत न्हाई, त्याच्यापशी बसले."

"बसून केलं काय?"

"बसले की, मालक."

बाकीचे हसले. बसण्याची हाजिरी लागत नाही, असं मी सुनावलं. बाई चिडल्या नाहीत. "नका लावू. बिनहाजिरीची जाईन," म्हणाल्या आणि तार ओढायला लागल्या.

त्या संध्याकाळी मला नांदेडच्या दवाखान्यातला, तुमच्या शेवटच्या दुखण्यातला वॉर्ड दिसत राहिला. मी लातूरहून तुम्हाला भेटायला आलोय, तो दिवसही अवसेचाच. तुमच्या खाटेवरचा पंखा खडखडतोय. मी स्टूल मागून घेतो, पंखा उतरवतो, बेअरिंग साफ करतो, पाती सारखी करतो. तुम्ही खालून म्हणता, "राहू दे रे पंखा. बस जरा." मी म्हणतो, आत्ता होतंय, उस्ताद. पंखा बिनआवाजाचा फिरायला लागला तेव्हा भेटायची वेळ संपली होती. एसटीत बसताना मी खूश होतो. पुढची अवस यायच्या आत तुम्ही गेलात.

हे तुमच्यापर्यंत पोहोचणार नाही, म्हणूनच लिहिणं जमतंय. उद्या अवस आहे. फोटोची अट मी काढून टाकली, बाईंची मागच्या अवसेची हाजिरीही लावली. आता त्यांना एवढंच विचारायचं आहे, की मी सोबत आलो तर चालेल का, आणि नुसतं बसायचं म्हणजे बोलायचं काय. सकाळपासून दोनदा त्यांच्या टेबलापाशी गेलो आणि दोन्ही वेळा त्यांच्या कामात चूक काढून परत आलो. चूक नव्हती, उस्ताद.