उंबऱ्यावरचा चिमटा

प्रिय टाइग,

चहाच्या पुडीच्या कागदावर लिहितेय, अक्षर लावून वाच. तू तर लहानपणापासून माझ्या अक्षराला कोंबडीचे पाय म्हणायचास. मी लग्न होऊन फेलिमच्या घरी निघाले, तेव्हा तू गाडीमागे ओढ्यापर्यंत धावलास आणि नव्या कपड्यांनिशी चिखलात आपटलास. ते आठवलं की अजूनही हसू फुटतं, पण इथे हसायची चोरी आहे.

मेच्या पहिल्या दिवशी सगळं बिघडलं. त्या दिवशी घरातला विस्तव बाहेर द्यायचा नसतो, हे मला काय ठाऊक नव्हतं? पण शेजारचा म्हातारा मर्टी तंबाखूचा विझलेला पाइप घेऊन दारात कुडकुडत उभा होता. दिला एक निखारा. सासूबाईंनी कपाळाला हात लावला, "अगं बाई, घराची बरकतच उचलून दिलीस की!" तेव्हापासून ताक घुसळून हात मोडले तरी लोणी येईना. मग मला ताप आला. उठले ती वाळून, आवाज पार बसलेला. सासूबाई फेलिमला म्हणाल्या, "तुझी बायको टेकाडातल्या पऱ्यांनी नेली रे. ही त्यांच्यातलीच, तिच्या जागी ठेवलीय त्यांनी." तो आधी हसला. मग हळूहळू हसायचा थांबला.

आता मी मागच्या खोलीत असते. उंबऱ्यावर लोखंडी चिमटा आडवा ठेवलाय. त्यांच्यातली असेल तर लोखंड ओलांडणार नाही म्हणे. पोटभर बटाटे खाल्ले तर, "बघा, यांची भूक कधी भागते का!" नाही खाल्ले तर, "माणसाचं अन्न गोड कसं लागेल हिला?" रडले तर ढोंग, गप्प बसले तर कारस्थान. फेलिम जांभळ्या घंटाफुलांचा काढा पाजतो आणि तीनदा विचारतो, "देवाशपथ सांग, तू एथनाच ना?" काढ्यानं जीभ जड होते, 'हो' नीट उमटत नाही, की तो आईकडे बघतो. तो दुष्ट नाही रे, हीच तर भीती आहे. त्याला खरंच बायको परत हवीय. माझ्यासाठी तो माझ्यासमोर बसून रडतो.

आज दुपारी घरात कुणी नव्हतं. चिमटा ओलांडायला गेले, पाय उचललाच गेला नाही. अशक्तपणा असेल. अशक्तपणाच असणार. पण तेव्हापासून मी माझेच हात निरखत बसलेय.

तुला बोलावून घ्या, असा हट्ट मीच धरला होता. म्हटलं, पाठचा भाऊ तरी ओळखेल. तू काल आलास, दारात उभा राहून खूप वेळ पाहिलंस आणि म्हणालास, "आमच्या एथीचे डोळे असे नव्हते." आता तू भिंतीपलीकडे चुलीत जाळ वाढवतोयस. खोकला तुझा आहे, मी ओळखते. तो जाळ कशासाठी, तेही ऐकलंय. हिला विस्तवावर धरलं की ही जाईल आणि खरी येईल. टाइग, हा कागद दाराखालून सरकवतेय. चिमटा उचल आणि मला एथी म्हणून हाक मार. मी एथी असेन तर बाहेर येईन. नसेन तरी हाक मार. त्या जाळातून दुसरी कुणी येणार नाहीये.

तुझीच,
एथी